पलीकडचा पिवळा ठिपका

“अहो, दिवा लागला!” गॅलरीतून सुमित्राबाई ओरडल्या, तसा खैरनार सरांच्या हातातला ब्रश गळून पडला.

गोदावरीपलीकडच्या इमारतीतली ती खिडकी म्हणजे रेवाचं स्वयंपाकघर. लेक कामावरून परतली की तिथल्या दिव्याची दोनदा उघडझाप करायची. म्हणजे, बाबा, मी पोहोचले. मग सर आपल्या रात्रीच्या चित्रात, त्या खिडकीच्या जागी, नळीतूनच पिवळ्याचा जाड ठिपका द्यायचे आणि जेवायला बसायचे. रेवा डेंग्यूने गेली, जावयाने घर सोडलं, खिडकी अंधारली. सरांचा ठिपका मात्र सुटला नाही. आजचाही देऊन झाला होता.

दोघं कठड्याला धरून उघडझापेची वाट बघत राहिले. दिवा नुसताच जळत होता. मग कुणी परकी बाई खिडकीशी आली आणि तिने पडदा ओढून घेतला.

“नवे भाडेकरू दिसतायत,” सुमित्राबाई पुटपुटल्या.

सर आत वळले. चित्रकलेतला उत्तर-दृक्प्रत्ययवाद, म्हणजे पोस्ट-इम्प्रेशनिझम, शिकवताना जन्मभर त्यांनी पोरांना बजावलं होतं, रात्र काळी नसते रे, निळी असते, जांभळी असते. काळ्याची नळी विकतसुद्धा घेऊ नका. त्यामुळे घरात काळा रंग नव्हताच. त्यांनी देवघरातल्या समईची काजळी बोटावर घेतली आणि ओल्या पिवळ्या ठिपक्यावर दाबून टेकवली.

तान्ह्या रेवाला तीट लावायचे, अगदी तसंच. सुमित्राबाई दारातून बघत होत्या.

“आता कुणाची दृष्ट लागायची राहिलीय हो?”