पहिला वेचा

२०२२ सालचा नोव्हेंबर. बोथ गावी थंडी सुरू झाली होती. तामसीहून देवकाबाईंनी सकाळच्या बसनं कापूस पाठवला होता, पिशवीभरच. पहिल्या वेच्यातला थोडा कापूस विकायचा नाही, देवाच्या वातींसाठी घरात ठेवायचा, ही त्यांच्या माहेरची रीत. त्यातला वाटा धाकट्या बहिणीला दर वर्षी येई. धाकटी बहीण, सरोजिनीबाई, पडवीत बसून सरकी वेगळी करत होत्या.

शेजारी खुर्चीत त्यांचे यजमान सुधाकरराव मोबाइल नाकाजवळ धरून बसले होते. तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांची कचेरी त्या मोबाइलमध्येच होती.

मोबाइलमधल्या खात्यात नातीचे, अश्लेषाचे, हजार शेअर होते. शाळा बंद होत्या त्या वर्षी ती इथं राहिली, तेव्हा आजोबांनी तिला बाजार शिकवला. जे आपल्याला कळतं तेच घ्यायचं, हा पहिला धडा. दोघांनाही कापूस कळत होता. म्हणून वाढदिवसाच्या पैशांतून त्यांनी नावात कापूस असलेली एक कंपनी निवडली, दोन रुपयाला एक शेअर. कंपनीच्या फक्त नावातच कापूस होता, हे नंतर कळलं.

आता अश्लेषा हैदराबादला आठवीत होती आणि तिला बॅडमिंटनची रॅकेट हवी होती. शेअरचा भाव रोज उतरत होता आणि घेणारा कोणी नव्हता. सुधाकरराव रोज सकाळी शेअर विकायला लावत. साडेतीनला बाजार बंद झाला की शेअर तसेच परत येत. चार वाजता, शाळेतून आली की तिचा फोन येई.

"आबा, विकले का?"

"नाही ना बाई. घेणारा नाही आला."

मग डबा, मैत्रिणी, कोणाचं कोणाशी वाजलं, असं सगळं निघे. पंधरा मिनिटं, कधी वीस. दसऱ्याला ती येणार होती, ती आली नाही. पण शेअर विकायला काढल्यापासूनच्या पाच आठवड्यांत फोन एकदाही चुकला नव्हता.

त्या दिवशी अकराच्या सुमारास सुधाकररावांनी मोबाइल दूर धरला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"काय झालं?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"घेणारे आले."

त्यांचा अंगठा जरा वेळ मोबाइलवर घुटमळला. मग आपला नंबर लागायच्या आत त्यांनी सकाळची ऑर्डर रद्द केली.

"अवो, काऊन काढली?"

"उद्या पाहू."

"लेकराचे पैसे हायत ते. रोज कमी होऊन राह्यले."

"मालूम आहे मले." ते अंगणाकडे पाहत राहिले. "विकले गेले का मंग काय पुसन ती मले, चार वाजता?"

सरोजिनीबाईंनी हातातली सरकी ताटलीत टाकली.

चार वाजता फोन वाजला.

"आबा, विकले का?"

"नाही ना बाई. घेणारा नाही आला."

"आबा, तुमीच शिकवलं ना, दिवसभरात किती शेअर हातोहात गेले तो आकडा पाह्यचा म्हणून?"

"हो."

"मी पाह्यला. आज दोन लाख गेले. मग आपलेच कसे राह्यले?"

सुधाकररावांनी सरोजिनीबाईंकडे पाहिलं. पस्तीस वर्षं त्यांनी साहेबांना जबाब दिले होते. आता त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"रेंज नसन तिथं," अश्लेषाच म्हणाली.

"हो," ते म्हणाले. "रेंज नव्हती."

"मग उद्या नक्की लावा. रविवारी रॅकेट घेऊन राह्यलो आमी." मग ती म्हणाली, "अन् आबा, आज डब्यात काय होतं ते तं पुसलंच नाही तुमी."

दुसऱ्या दिवशी शेअर गेले, रुपया दहा पैशानं. रॅकेट आली. डिसेंबरभर फोन रोज येत राहिला, मग एक दिवसाआड, मग रविवारी.

सुधाकरराव २०२४ च्या होळीनंतर गेले. देवकाबाईंनी शेत बटाईनं दिलं, तरी पहिल्या वेच्याची पिशवी येते. त्या कंपनीचं नाव बाजारातून काढून टाकलं गेलं; तिचे शेअर आता विकता येत नाहीत. आजोबांच्या दिवसांना अश्लेषा आली होती, तेव्हा तिनं त्यांचं खातं उघडून पाहिलं. पिन तिच्याच वाढदिवसाची तारीख होती. विकले गेले होते नऊशे नव्व्याण्णव. एक शेअर तसाच होता. ती मोबाइल घेऊन आजीपाशी आली. सरोजिनीबाईंनी तो पाहिला आणि पुन्हा वाती वळू लागल्या.

अश्लेषा आता हैदराबादलाच कॉलेजच्या होस्टेलमध्ये आहे. तिथं मुलींना फोन फक्त रविवारी मिळतो, तोही थोडा वेळ. काही रविवारी चार वाजता सुधाकररावांचा मोबाइल वाजतो.

"आजी, विकला का?"

"नाही ना बाई," सरोजिनीबाई म्हणतात. "घेणारा नाही आला."