उजवा खांदा

लाल कापड हातात पडलं आणि सोदनोमचा हात आपोआप कपाळाकडे निघाला. कापड आधी मस्तकाला लावायचं, मग अंगावर घ्यायचं. सहाव्या वर्षापासून पंचेचाळिशीपर्यंत त्याने रोज तसंच केलं होतं. हात नाकापर्यंत आला तेव्हा त्याला भान आलं. त्याने त्या कापडाला नाक पुसलं.

अंगणाच्या टोकाला गृहखात्याचा माणूस खुर्ची टाकून बसला होता. हिरवी टोपी, मांडीवर वही. वय पंचविशीच्या आत. लहानपणानंतर लामा त्याने बहुधा भिंतीवरच्या सरकारी व्यंगचित्रांतच पाहिले असावेत.

मठाला आता छप्पर नव्हतं. बारा वर्षांपूर्वी इथले लामा मालमोटारींत भरून नेले होते. त्यांतला एकही परतला नाही. त्या दिवशी जे बाहेरगावी होते त्यांनी केस वाढवले आणि नावनोंदणीत गाडीवान, सुतार, मेंढपाळ असं काहीबाही लिहून दिलं. सोदनोमच्या कागदावर ‘लोकर धुणारा कामगार’ असं होतं. आता तीनशे वर्षांपूर्वीच्या एका राजपुत्राच्या बंडावर चित्रपट निघत होता. राजपुत्राला आशीर्वाद द्यायला लामांची रांग हवी होती, म्हणून कारखान्यांतून चाळीस म्हातारे आणले होते. सकाळी न्हाव्याने सगळ्यांची डोकी भादरली. तेव्हापासून कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

काल दिग्दर्शक याडामने सर्वांना गोळा करून विचारलं होतं, की पूर्वी मठात राहिलेलं कुणी असेल तर पुढे या, बाकीच्यांना शिकवा. काही होणार नाही, उलट मटण दुप्पट मिळेल. कुणी जागचं हललं नाही. मागच्या खेपेलाही काही होणार नाही, असंच सांगितलं होतं.

कापड डाव्या खांद्यावरून घ्यायचं असतं, उजवा हात मोकळा. सोदनोमने ते उजव्या खांद्यावर टाकलं. मुद्दाम थोडं वेडंवाकडंही केलं. मग त्याने हळूच बाजूला पाहिलं. शेजारच्या गाडीवानाने उजव्याच खांद्यावर घेतलं होतं. त्याच्या पलीकडच्या सुतारानेही. रांगेच्या टोकापर्यंत चाळीसच्या चाळीस उजवे खांदे लाल होते.

आधी त्याला धीर आला. आपण एकटे नव्हतो. मग त्याने रांग पुन्हा टोकापर्यंत पाहिली, एक तरी डावा खांदा लाल दिसतो का म्हणून.

याडाम आला. त्याच्यामागून इतिहास संस्थेची दुलमा चित्रांची चोपडी घेऊन आली. चित्रपटात इतिहासाची चूक राहू नये म्हणून तिला नेमलं होतं, आणि ती टाचणीएवढीही चूक सोडत नसे. सकाळीच तिने एक खोगीर परत पाठवलं होतं, कारण त्याची रिकीब शंभर वर्षांनंतरची निघाली. उद्या ही बाई घोड्यांचाही जन्मदाखला मागेल, असं याडाम सगळ्यांना सांगत फिरत होता.

त्याने चोपडीतलं जुनं चित्र रांगेसमोर धरलं आणि हसत सुटला.

“वा रे माझे लामा! सगळेच उलटे? अरे, फाशांसारखी मेंढीची हाडं फेकली असती तरी दोन-चार बरोबर पडली असती.”

वाक्य संपेपर्यंत त्याचं हसू ओसरलं होतं. आपण काय बोलून गेलो ते त्याला कळलं, आणि खुर्ची सरकल्याचा आवाजही त्याने ऐकला.

हिरवी टोपी रांगेसमोरून चालत गेली. पेन्सिल एकेका खांद्याकडे वळत होती. सोदनोमपाशी ती क्षणभर थांबली, मग पुढे सरकली. त्याची मोकळी डावी बाजू गार पडली होती. परत येऊन त्या माणसाने दुलमाला शांतपणे विचारलं, “चित्रात डावा खांदा आहे. इथे चाळीस माणसं, आणि एकही डावा नाही. असं कसं झालं?”

दुलमाने चित्र हातात घेतलं. ती ते बराच वेळ बघत राहिली. सोदनोमला ते परत पाठवलेलं खोगीर आठवलं. ही बाई खोटं खपवून घेणार नाही. खरं एवढंच, की चाळीस माणसांना बरोबर काय ते पक्कं ठाऊक होतं.

“चित्र उलटं छापलंय,” ती म्हणाली. “छापताना निगेटिव्हची काच उलटी लागली. त्या काळी उजव्या खांद्यावर घेत. सकाळी मीच यांना तसं सांगितलं.”

सकाळपासून ती त्यांच्याशी एक अक्षरही बोलली नव्हती.

त्या माणसाने याडामकडे पाहिलं. काच उलटी लागते खरी, याडाम म्हणाला, आमच्याकडे तर नेहमीचंच आहे. आणि हो, बाईंनी सकाळी सांगितलं होतं, कामाच्या रगाड्यात मीच विसरलो.

“लेखी द्या,” हिरवी टोपी म्हणाली.

दुलमाने चोपडीवर कागद ठेवून चार ओळी लिहिल्या आणि खाली पूर्ण नाव घातलं, हुद्द्यासकट. त्या माणसाने कागद दोनदा वाचला, घडी करून वहीत ठेवला आणि पुन्हा खुर्चीवर जाऊन बसला. याडामने कॅमेरा लावायला सांगितलं.

दुलमा कपडे नीट करत रांगेतून निघाली. सोदनोमपुढे थांबून तिने त्याच्या उजव्या खांद्यावरची चुणी सारखी केली. ओठ न हलवता ती म्हणाली,

“आजोबा, पुढच्या वेळी दोघा-तिघांनी तरी बरोबर घ्या.”