कोरडी काच

"सांग तुझ्या दिराला," इंजिनाखालचा नट सोडवता सोडवता थोरला ओरडला, "आज यातलं तेल मोजून दाखवतो. कमी निघालं तर गाडी उद्या भंगारात. आणि भाऊ म्हणून जे काही उरलंय, तेही तिच्याबरोबरच."

दीर चार हातांवर, पायरीवर उभा होता. वहिनी वरच्या खिडकीत होती. तरी निरोप खिडकीमार्गेच जायचा. चुली वेगळ्या झाल्यापासून दोघा भावांचा हाच शिरस्ता होता. भांडण कशावरून झालं ते आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं. कोण काय बोललं, ते मात्र दोघांना तोंडपाठ होतं.

"वहिनी, त्यांना सांगा," धाकटा म्हणाला, "गाडी कोण पिटाळतं आणि तेल कोण जाळतं, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. चोराच्या उलट्या बोंबा!"

"तुमच्यापैकी बहिरं कोणी नाही," वहिनी म्हणाली. पण तिचं ऐकतो कोण?

घराचे दोन भाग झाले होते, भांड्यांचे झाले होते. मोटरसायकल तेवढी कापता येईना. म्हणून दुपारपर्यंत ती थोरल्याची, दुपारनंतर धाकट्याची. थोरला तिच्यावरून छापखान्यात जायचा, धाकटा लिफ्टच्या दुरुस्त्या करत गावभर फिरायचा. ती बंद पडली तर दोघंही घरी बसणार होते, आणि नेमकी तीच मरायला टेकली होती. तेल किती तापलंय ते दाखवणारा काटा धाकट्याने पूर्वी हौसेने हँडलवर बसवला होता. तो आता जरा चढ लागला की लाल पट्टीत जाऊन बसायचा. मागून निळा धूर निघायचा.

इंजिनाच्या उजव्या अंगाला तेल बघायची गोल काच होती. तिच्यावर दोन रेघा. तेल त्या रेघांच्या मध्ये दिसायला हवं. ते कधी दिसतच नसे. डबल स्टँड कधीचं मोडलं होतं. थोरला म्हणे, धाकट्याने मोडलं, त्याने बसवावं. धाकटा म्हणे, थोरल्याने. तोवर गाडी साइड स्टँडवर, भिंतीकडे कलून, रुसल्यासारखी उभी असायची. सकाळी थोरला एकटाच तिच्यापाशी उकिडवा बसे, कोरडी काच बघे आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाई. संध्याकाळी त्याच जागी धाकटा बसे. त्याचंही तेच होई.

नट निघाला. गरम काळं तेल थोरल्याच्या बोटांवरून खालच्या डब्यात पडलं. त्याने एक सणसणीत शिवी हासडली. डबा भरला. त्याने घाईघाईने दुसरा सरकवला. तोही भरत आला. धार थांबेना, फरशीवर ओघळ आला, तशी वहिनी खिडकीतून अर्धी बाहेर वाकली.

"एवढं तेल आलं कुठून?" धाकट्याच्या तोंडून निघून गेलं.

"कुठून म्हणजे? मी ओततोय!" थोरला खिडकीला विसरून थेट त्याच्यावर धावला. "तू गाडी कोरडी करून ठेवतोस आणि मी गपचूप भरतोय. तुझी पापं निस्तरतोय!"

"तू? अरे, भरतोय तर मी! बघावं तेव्हा काच कोरडी!"

दोघांनी डब्यांकडे पाहिलं. म्हणजे इंजिन तेलावाचून जळत नव्हतं, तेलात बुडून घुसमटत होतं. दोघांनी मिळून, एकमेकांच्या नावाने बोटं मोडत, त्याचा जीव घ्यायला काढला होता. कोणालाही शरम वाटली असती. या दोघांना आणखीच राग आला.

"मग काच कोरडी का?" थोरला गुरगुरला.

त्याने नट पिळला. इंजिनावर कोरलेल्या आकड्याप्रमाणे, एक थेंब इकडे-तिकडे न करता, नवं तेल ओतलं. गाडी थोडा वेळ चालू ठेवली, बंद केली, तेल खाली बसू दिलं. मग तो नेहमीच्या जागी उकिडवा बसला.

काच कोरडीच.

"घ्या! मोजून ओतलं तरी बोंबच! ही गाडीच हरामखोर आहे!"

"मग वीक ना! आजच वीक! एकदाची कटकट जाऊ दे!" धाकटा ताडताड पायरी उतरला. भंगारवाल्याकडे ढकलत न्यायची म्हणून त्याने हँडल धरलं आणि गाडी खसकन सरळ केली.

थोरला अजून खालीच होता. त्याच्या डोळ्यांसमोर काचेत पिवळंधमक तेल खालून चढत आलं आणि दोन रेघांच्या मधोमध येऊन थांबलं.

थोरला जागचा उठेना, म्हणून धाकट्याने हात सैल सोडला. गाडी पुन्हा भिंतीकडे कलली. तेल त्या बाजूला गेलं. काच कोरडी झाली.

"सरळ कर," थोरला म्हणाला.

"काय?"

"गाडी सरळ कर म्हणतो ना!"

"पूर्वी दर रविवारी हेच तर करायचात दोघं," वहिनी खिडकीतून म्हणाली. "भावजी वर बसून गाडी धरायचे आणि हे खाली वाकून बघायचे."

धाकट्याने सीटवर टांग टाकली. दोन्ही पाय फरशीवर रोवून गाडी उभी धरली.

"किती आहे, दादा?"

थोरल्याने काचेवरची नजर हलवली नाही. आवाज अजून रागाचाच होता.

"कमी कधी नव्हतंच," तो खेकसला. "तू फक्त धरून ठेव."