हवेचा दिवा

"दिव्याची वायर ठीक हाय. फिल्टरबी नवा हाय," पुंडलिक मिस्त्री बॉनेटखालून म्हणाला. "तरी दिवा लागतो, म्हंजे इंजिनाला हवा कुठंतरी कमी पडते."

दिनानाथचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. त्याची नजर गॅरेजच्या दारात उभ्या असलेल्या चिंधूवर होती. अकरा वर्षं त्याची गाडी चालवणारा हा माणूस सकाळपासून तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता.

डिझेल जीप जेमतेम दीड वर्षाची, चारही चाकांवर चिखल तुडवत वर जाणारी. पण गेले वीस दिवस डोंगराकडचा चढ लागला की समोर डॅशबोर्डवर हवेचा लाल दिवा पेटायचा, मागून काळा धूर निघायचा आणि गाडी धापा टाकायची. बोईसरच्या एका मेकॅनिकने फिल्टर बदलला, तरी दिवा हटेना. म्हणून आज बेटेगावला पुंडलिककडे आणली होती.

चिंचणीत दिनानाथची चिकूची वाडी. माणूस कष्टाळू, पण एकदा का संशयाचा किडा डोक्यात शिरला की त्याला अन्न गोड लागत नसे. परवा त्याने चिंधूला बॉनेट उघडून आत हात घालताना पाहिलं होतं. मालक दिसताच चिंधूने बॉनेट खाली आपटलं. चिंधूचा मामा पाड्यावरचा भगत, मंत्रतंत्र करणारा, हेही दिनानाथला तेव्हाच आठवलं.

पुंडलिकने फिल्टरकडे हवा नेणारा पाइप सोडवला आणि इंजिन रेस केलं. दिवा विझला. पाइप जोडून पुन्हा रेस केलं. दिवा लागला.

"सापडलं. या पायपातच काय तरी अडकलंय."

तारेचा आकडा करून त्याने आतून ओढली ती लाल फडक्याची पुरचुंडी. सोडली तर राख, तांदळाचे दाणे आणि हळकुंड. पुंडलिकने हात पँटला पुसले आणि तो दोन पावलं मागे सरला.

"चिंधू, हे तू ठेवलंस?"

"हा, शेट."

"काय हाय हे?"

"ते बोलायचं नाय, शेट. बोललं का वाया जातं."

गेल्याच महिन्यात घाटात दिनानाथ स्वतः चालवत असताना जीप कठडा तोडून गेली होती. दरीच्या तोंडाशी अडकली म्हणून वाचला. आता सगळं जुळत होतं. रागापेक्षा त्याला वाईट जास्त वाटलं. या माणसाला त्याने घरच्या पंगतीला बसवलं होतं.

"माझ्या जिवावर उठलास? काय कमी केलं तुला?"

"तुमच्या वाइटावर मी नाय, शेट."

"मग सांग ना."

चिंधूने मान खाली घातली. त्याचे डोळे भरले होते.

"चावी दे. उद्यापासून वाडीत पाय ठेवू नको."

चिंधूने गाडीतून चावी काढून त्याच्या हातात दिली आणि चालत रस्त्याला लागला.

दिनानाथ एकटाच गाडी घेऊन निघाला. खाडीच्या पुलावर थांबून त्याने पुरचुंडी पाण्यात फेकली आणि मागे न बघता गाडीत बसला. पुढे दिवा एकदाही लागला नाही. घरातला साप वेळीच दिसला, असं म्हणत तो मनाची समजूत घालत राहिला.

त्याची बायको सुलू ओट्यावर वाट बघत उभी होती. कित्येक दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसत होता. तिने गाडीत डोकावून पाहिलं.

"चिंधू कुठं राहिला?"

दिनानाथ पायरीवर थांबला. कसं सांगावं याची तो जुळवाजुळव करू लागला. सुलू तेवढ्यात हसून म्हणाली, "आज एकविसावा दिवस, माझा नेम पुरा झाला, आता तुमाला सांगायला हरकत नाय. तुमच्या जिवासाठी देवीचा अंगारा बांधून मी चिंधूला दिलेला, गाडीच्या नाकात ठेव आणि जागेवर हाय ना ते मधूनमधून बघ म्हणून. त्याला शपथच घातलेली, कोणी जीव घेतला तरी तोंड उघडू नको."