गुडघ्यांसाठी आणलेला डिंक

"पाटी खाली ठेव," हैबतराव म्हणाला.

बायजा धनगरीण दारातच थांबली. पाटीत वर तांदूळ होते, तुपाच्या बदल्यात मिळालेले. तांदळाखाली फडक्यात बांधलेले डिंकाचे लाडू होते. ते फक्त तिला आणि सारजाबाईला ठाऊक होतं.

सारजाबाईचे गुडघे संधिवातानं धरलेले. म्हणून हैबतराव, तिचा मुलगा, दर बाजाराला पौडहून डिंक, मेथी, सुंठ आणायचा. लाडू ती स्वतः वळायची आणि एकही खायची नाही. सगळे डोंगरावर जायचे, बायजाच्या झोपडीत लपलेल्या तुळजाकडे. तुळजा सारजाबाईची विधवा लेक. तिला दिवस गेले तसा धरणाच्या कामावरचा मुकादम पसार झाला, आणि हैबतरावानं भावकीसमोर कोयता उचलून सांगितलं, "दिसली की खांडोळी करीन." ती नुकतीच बाळंत झाली होती.

डिंक येत राहायचा, तर गुण आलेला दिसायला हवा. म्हणून म्हातारी मुलासमोर काठी टाकून चालायची, दातओठ खात. आईची जात, दुसरं काय! तो शेतावर गेला की भिंतीला धरून रडायची.

आताही ती काठीशिवायच पुढे आली.

"तांदूळ हायेत रं. जाऊ दे तिला, लांब जायचंय."

"दिसतंय मला." हैबतरावानं तांदळात हात घातला. फडकं वर आलं, गाठ सुटली. मेथीचा वास दारभर झाला.

"ह्ये कुणाला?"

"बायजाच्या सासूला. तिचं बी गुडघं लई..."

"तिची सासू कवाच मेली, आये."

कोयता खुंटीला होता, हैबतरावाच्या हाताशी. सारजाबाई कशीबशी त्याच्या आणि दाराच्या मधे उभी राहिली.

"आदी मला तोड," ती म्हणाली. "मग जा डोंगरावर."

त्यानं एक लाडू उचलला आणि आईच्या हातावर ठेवला.

"ह्ये तू खा. तिला डिंक-आळीव मी परवाच पोचवलंय. पोरगं थेट आपल्या आज्यावर गेलंय."