ओली काडतुसं

भावजयीच्या काडतुसांचा डबा उघडाच राहिला होता आणि पत्र्यातून गळणारी धार नेमकी त्यातच पडत होती. ताईने ते पाहिलं. खरं सांगायचं तर तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, ‘बरं झालं!’

नेमबाजीच्या निवड चाचणीतली मधली सुट्टी होती. टीममध्ये एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी आता दोघीच झुंजत होत्या, नणंद आणि भावजय. पहिल्या फेरीत भावजय पुढे होती. थोडीशीच, पण पुढे. आत्ता ती हातमोजे पिळायला आतल्या खोलीत गेली होती. तिची रायफल, म्हणजे मुळात बाबांची रायफल, मेणकापडाखाली झाकलेली होती.

सगळं बिनसलं होतं ते त्या रायफलीवरून. बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी ती लेकीला न देता सुनेला दिली. “तुझ्याकडे स्वतःची आहे, हिच्याकडे नाही,” एवढंच त्यांचं कारण. ताईला ते जे लागलं ते लागलं. त्या दिवसापासून तिने भावजयीशी बोलणं टाकलं. ‘मीठ दे’ म्हणायचं तरी ते भावाला सांगायचं आणि त्याने बायकोला. भाऊ बिचारा दोघींच्या मधला टेलिफोन होऊन बसला होता.

पावसातली तयारी करावी तर ताईनेच. नळीच्या तोंडाला चिकटपट्टी. गोळी ती फाडून सरळ जाते, पाणी मात्र आत शिरत नाही. अंगाखाली ताडपत्री. डोक्याला टॉवेल, म्हणजे केसांतलं पाणी नेम धरायच्या साइटवर ओघळायला नको. आणि काडतुसं आतल्या खिशात, छातीशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत. काडतूस भिजलं की गोळी वर लागते, हे बाबांनी दोघींच्याही डोक्यात पक्कं ठोकलं होतं. तरी ही बया डबा उघडा टाकून गेली!

‘मरू दे, मला काय करायचंय,’ म्हणून ताईने तोंड फिरवलं. पण ती टपटप काही कान सोडेना. जिंकायचं तर होतंच. या जागेसाठी तिने वर्षभर रक्ताचं पाणी केलं होतं. पण गळक्या पत्र्याच्या जिवावर जिंकायचं? असल्या जिंकण्याला चव ती कसली?

आसपास कुणी नाही असं बघून तिने डबा उपडा केला, फडक्याने पुसला, आपल्याजवळची जादा कोरडी काडतुसं त्यात भरली आणि झाकण लावून टाकलं. ओली काडतुसं आपल्या बाहेरच्या खिशात कोंबली. जीव कसा हलका झाला. भावजयीला सांगायच्या भानगडीत मात्र ती पडली नाही. सांगणार तरी कशी? अबोला तिचाच होता.

भावजय आली, लागलेलं झाकण बघून क्षणभर थबकली, वाऱ्याने पडलं असेल म्हणून तशीच आडवी झाली. गारठलेल्या बोटांना ओलं काय नि कोरडं काय, सगळं सारखंच. ती एकेक काडतूस भरत गेली. पाऊस तर असा कोसळत होता की समोरचं लक्ष्य म्हणजे नुसता काळा ठिपका. गोळी कुठे लागतेय हे दुर्बिणीतूनही दिसायची सोय नव्हती. जे काय ते फेरी संपल्यावर, लक्ष्यावरची कार्डं काढून आणली की कळणार.

कार्डं आली. ताईचं बरं होतं, फार काही ग्रेट नाही. भावजयीच्या सगळ्या गोळ्या मुठीएवढ्या जागेत बसल्या होत्या, आणि सगळ्याच्या सगळ्या मधल्या वर्तुळाच्या खाली.

“अभिनंदन, ताई!” पंच म्हणाले आणि खिशातलं पेन शोधू लागले.

ताईचं लक्ष त्या दुसऱ्या कार्डावरून हलेना. एवढा घट्ट हात असलेली बाई एवढी चुकतेच कशी? तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, “साइट खाली घेतली होतीस?”

भावजय दचकलीच. मग म्हणाली, “हो. काडतुसं भिजली होती ना.”

“तुला माहीत होतं?”

“अहो, झाकण मीच उघडं ठेवलं होतं. निम्मी आधीच भिजली होती. निम्मी ओली, निम्मी कोरडी, म्हणजे एक गोळी इकडे, एक तिकडे. त्यापेक्षा म्हटलं सगळीच भिजू देत. आणि साइट तेवढी खाली घेतली.”

ताईचा हात बाहेरच्या खिशाकडे गेला. “अगं, मग मला सांगायचं नाही का?”

“कसं सांगणार?” भावजय म्हणाली. टोमणा नव्हता त्यात, साधंच बोलली ती. “हे आज कामावर आहेत ना.”

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने खिशातली ओली काडतुसं काढून पंचांच्या टेबलावर ठेवली.

“साहेब, माझं नाव लिहू नका. हिच्या डब्यातली काडतुसं मी बदलली. कोरडी घातली, पण हिला न विचारता.”

पंचांनी आधी काडतुसांकडे बघितलं, मग तिच्याकडे. “दुसऱ्याच्या काडतुसांना हात लावणारा बाद. नियम ठाऊक आहे ना?”

“आहे. हिची फेरी तेवढी पुन्हा घ्या.”

पंच स्वतःशी बरंच काही पुटपुटले, पावसाकडे बघून त्यांनी कपाळाला हात लावला, आणि नवं कार्ड लावायला माणूस पाठवला.

भावजय पुन्हा ताडपत्रीवर आडवी झाली. डबा रिकामा होता. जवळ एकही काडतूस नव्हतं आणि मागायचा धीर होत नव्हता. ताई शेजारी उकिडवी बसली आणि तिने आतल्या खिशातली उरलेली पिशवी काढली.

“ही घे. कोरडी आहेत,” ती म्हणाली. “सांगून देतेय.”