स्टॅम्पीड म्हणजे

“सर, हा शबुद काय हाय?”

अंजनाबाईंनी पोस्टमॉर्टेमच्या कागदावर बोट ठेवलं. त्यांचा नवरा लहानू जाऊन आठ दिवस झाले होते.

राजदीप सर आरमोरीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत. त्यांनी कागद वाचला. छाती चेपली. कारण, स्टॅम्पीड.

“कळप बिथरून धावते ना, त्याले म्हणतेत. हत्ती बिथरले, बाई. लहानूभाऊ मधात सापडले.”

त्या रविवारी दुपारी कुरखेड्याच्या रस्त्याला, रानालगतच्या धानात हत्ती उतरल्याची बातमी आली आणि दोन-अडीचशे माणसं पाहायला धावली. लहानू आपल्या शेताच्या बांधावर हात जोडून उभा होता. उभं धान तुडवू नका म्हणत होता. कोणी ऐकलं नाही. लोक त्याच्याच धानात तंबाखूचा खर्रा थुंकले, चिप्सची पाकिटं फेकली, रानाकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत राहिले. मग एकाएकी पळापळ झाली. ती ओसरली तेव्हा लहानू चिखलात पालथा पडला होता. त्याला उचलण्याआधी दोघातिघांनी त्याचाही फोटो काढला.

“तुमी होते ना तिथी, सर?”

“होतो. दूर होतो. शिसारी आली मले, बाई. ते माणसं नाई, किडे होत.”

“माणसाले बी लावतेत का हा शबुद?”

“लावतेत. जत्रेत चेंगराचेंगरी झाली तरी हाच. सेल लागला अन् लोक दुकानावर तुटून पडले, तरी पेपरवाले हाच लिहितेत.”

“मंग इथी कोन? हत्ती का मानूस?”

“हत्तीच. आनखी कोन?”

अंजनाबाईंनी कागदाची घडी केली.

“फॉरेस्टातली हर्षा घरी आली होती. थे म्हने, हत्ती तवा नदीच्या पल्याड होते. इकडं एक बी नाई.”

“मंग लोक काऊन पळाले?”

“एकाच्या मोबाइलातल्या व्हिडिओत सापडलं. तिनं मले आयकवलं.” अंजनाबाईंचा आवाज जरासुद्धा चढला नाही. “‘आला रे, हत्ती आला’ म्हनून वरडते अन् मंग खदखदा हासते, थो आवाज तुमचा हाय, सर.”